जुन्या टीव्हीतल्या मुंग्या : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात व्हॉल्वच्या (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या) टीव्हीबद्दल लिहिलं आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. बहुतेक पत्रं फिरून एकाच जागी येतात : पडद्यावरच्या मुंग्या. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड शिकवताना हा माझा सगळ्यात आवडता धडा होता. त्यामुळे मिक्सर, इन्व्हर्टर आणि पंख्यांचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलते. त्या वाचकांनी रागावू नये.

प्रश्न (कराडहून एक आजोबा) : नातू म्हणतो, चॅनेल नसताना जुन्या टीव्हीवर ज्या मुंग्या दिसायच्या, त्या म्हणजे विश्वाच्या जन्माच्या वेळचा प्रकाश. त्याने मोबाइलवर तसा व्हिडिओ पाहिलाय. मला काही हे पटत नाही. खरं काय?

उत्तर : नातवाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण त्या मुंग्यांत विश्वाच्या जन्माचा वाटा फारच किरकोळ होता. खरे कारणीभूत तिघे वेगळेच.

पहिली उष्णता. कुठल्याही तारेत, कुठल्याही रेझिस्टरमध्ये इलेक्ट्रॉन स्वस्थ बसत नाहीत. तापमान आहे तोवर त्यांची वळवळ चालूच राहते आणि त्या वळवळीतून सूक्ष्म व्होल्टेज तयार होतं. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी ते मोजलं, हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं सूत्र मांडलं. दोघांचे निबंध १९२८ सालचे. आपण वारंवारितेचा जितका रुंद पट्टा पकडायला जाऊ, तितकं हे नॉइज (नको असलेली विद्युत खरखर) जास्त पकडलं जातं, असं ते सूत्र सांगतं. मिडियम वेव्हचं रेडिओ स्टेशन १० किलोहर्ट्झच्या आसपास जागा घेतं. आपल्या ६२५ ओळींच्या चित्राला ५ मेगाहर्ट्झ लागत होते. पट्टा पाचशे पट रुंद, म्हणून नॉइजची शक्तीही पाचशे पट. आकडाच सांगते. खोलीच्या तापमानाला, टीव्हीच्या मागच्या ३०० ओहमच्या अँटेना टर्मिनलवर हे नॉइज सुमारे अडीच मायक्रोव्होल्ट भरतं. कितीही भारी टीव्ही आणला तरी हे काही टळत नाही.

दुसरा, टीव्हीचा स्वतःचा पहिला व्हॉल्व. व्हॉल्वमधून प्रवाह सलग वाहतो असं आपल्याला वाटतं, पण प्रत्यक्षात एकेक इलेक्ट्रॉन सुटा सुटा येऊन प्लेटवर आदळतो, आणि कमीजास्त अंतराने आदळतो. वॉल्टर शॉट्की यांनी १९१८ मध्येच हे दाखवून दिलं होतं.

तिसरं आकाश, आणि नातवाला हीच गोष्ट सांगा, कारण ती जास्त रंजक आहे. कार्ल जान्स्की नावाचा तरुण इंजिनिअर बेल लॅब्जमध्ये समुद्रापारच्या रेडिओ-टेलिफोनमधल्या खरखरीचा शोध घेत होता. विजांची खरखर त्याला सापडली, ती अपेक्षितच होती. पण एक बारीक फुसफुस उरली, आणि ती ताऱ्यांबरोबर रोज चार मिनिटं आधी यायची. ती आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडून, धनू राशीच्या दिशेने येत होती. १९३३ मध्ये त्याने ते जाहीर केलं आणि रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म झाला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं ते बँड १ मध्ये, साठ-पासष्ट मेगाहर्ट्झच्या भागात. नॉइजचा जोर तापमानाच्या भाषेत मोजतात; तिथे आकाशगंगेच्या या नॉइजचं तापमान काही हजार केल्विन असतं. विश्वजन्माच्या अवशेषाचं तापमान आहे २.७ केल्विन. आता तुम्हीच हिशोब करा. बँड १ वर हजार मुंग्यांत त्याची एखादी. वरच्या यूएचएफ पट्ट्यात आकाश शांत होतं, पण तिथे जुन्या टीव्हीचं स्वतःचं नॉइजच हजार केल्विनच्या पुढे. त्यामुळे तिथेही वाटा एक टक्क्याच्या आतच.

वर्गात आम्ही हे करून बघायचो. रिकाम्या चॅनेलवर टीव्ही लावायचा, अँटेना काढून टर्मिनलवर ३०० ओहमचा रेझिस्टर जोडायचा. स्पीकरमधली फुसफुस नीट ऐकून ठेवायची. मग रेझिस्टर काढून छपरावरच्या अँटेनाची वायर जोडायची. कुठलंही स्टेशन नसताना फुसफुस वाढते. ती वाढ बाहेरून आलेली. तिच्यात रस्त्यावरचा, कारखान्यांचा भाग असतोच, पण आकाशगंगाही असते. मुलं पहिल्यांदा ऐकायची तेव्हा वर्गात कुणी बोलत नसे.

प्रश्न (वाईजवळच्या गावातून) : १९७० च्या दशकाच्या शेवटी आम्ही सिंहगडाचं केंद्र पकडायचो. वडिलांनी बूस्टर आणून टीव्हीच्या मागे लावला. चित्र भडक झालं, पण मुंग्याही तितक्याच भडक झाल्या. शेजारच्यांनी तोच बूस्टर पाइपाच्या टोकाला, अँटेनाजवळ लावला आणि त्यांचं चित्र खूपच स्वच्छ यायचं. एकाच कंपनीचा माल, मग हा फरक कसला?

उत्तर : फार चांगला प्रश्न. या सगळ्या विषयाची किल्ली याच प्रश्नात आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

बूस्टर चित्र मोठं करतो तसंच नॉइजही मोठं करतो. आलेल्या मिश्रणातून मुंग्या गाळून काढणं त्याला जमत नाही. शिवाय त्याच्या आतल्या ट्रान्झिस्टरचं स्वतःचं नॉइज तो वर घालतो. म्हणजे बूस्टरमधून बाहेर पडताना चित्र आणि नॉइज यांचं प्रमाण आत जातानापेक्षा बिघडलेलंच असतं. मग शेजाऱ्यांना फायदा कशाचा झाला?

ढोबळ आकडे घेऊ. समजा अँटेनावर १०० मायक्रोव्होल्ट संकेत आला. पाइपापासून घरापर्यंत जुनाट वायर, त्यात निम्मं व्होल्टेज गेलं. टीव्हीपाशी पोचले ५०. टीव्हीचं स्वतःचं नॉइज, त्याच्या टर्मिनलवर मोजायचं तर, धरा ५ मायक्रोव्होल्ट. प्रमाण दहास एक. असं चित्र म्हणजे माणूस ओळखू येतो, पण चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत.

आता दहा पट वाढवणारा बूस्टर, त्याचं स्वतःचं नॉइज ३ मायक्रोव्होल्ट. वडिलांनी तो टीव्हीच्या मागे लावला. ५० चे ५०० झाले. बूस्टरचे ३ ते ३० झाले. त्यात टीव्हीचे ५ मिळवले तर नॉइज तीसच्या किंचित वर. ही बेरीज वर्गांची करून वर्गमूळ काढायची असते, म्हणून ३५ होत नाही. प्रमाण सोळास एक. थोडा फायदा झाला, नाही असं नाही.

शेजाऱ्यांचा बूस्टर वर होता. वायरीत शिरायच्या आधीच १०० चे १००० झाले. बूस्टरचे ३ ते ३० झाले. मग वायरीत दोन्ही निम्मे झाले, म्हणजे ५०० आणि १५. टीव्हीचे ५ मिळवले तर नॉइज सोळाच्या खाली. प्रमाण एकतीसास एक! तोच बूस्टर, तीच वायर, तोच टीव्ही, आणि चित्र वडिलांच्या जवळजवळ दुप्पट स्वच्छ. वायरीतलं नुकसान संकेत मोठा व्हायच्या आधी झालं की नंतर, एवढाच फरक.

हाच नियम १९४४ मध्ये हॅराल्ड फ्रीस यांनी सूत्रात बसवला. डेन्मार्कहून आलेले हे गृहस्थ बेल लॅब्जमध्ये जान्स्कीचे वरिष्ठ होते. एकामागे एक कितीही अॅम्प्लिफायर असोत, पहिल्याचं नॉइज जसंच्या तसं मोजायचं. दुसऱ्याचं पहिल्याच्या वाढीने भागायचं. तिसऱ्याचं पहिल्या दोघांच्या वाढीने भागायचं. पुढचे सगळे जवळजवळ फुकट. खर्च करायचा तो पहिल्या पायरीवर. मी हे सूत्र फळ्यावर लिहायचे तेव्हा मुलं अपूर्णांक बघून वैतागायची. पण वरचं १००-५०-५०० चं गणित एकदा केलं की प्रत्येकाला कळायचं.

व्हॉल्वच्या जमान्यात सगळी लढाई म्हणूनच ट्यूनरमधल्या (चॅनेल निवडणाऱ्या भागातल्या) पहिल्या व्हॉल्वपाशी झाली. पेंटोड (पाच इलेक्ट्रोडचा व्हॉल्व) वाढ भरपूर देतो, पण त्याचा प्रवाह प्लेट आणि आतली स्क्रीन ग्रिड यांच्यात वाटला जातो आणि त्या वाटणीतून जादा नॉइज निघतं. ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडचा) शांत, पण उच्च वारंवारितेला तो स्वतःच शिट्टी मारायला लागतो. एमआयटीच्या हेन्री वॉलमन आणि सहकाऱ्यांनी महायुद्धातल्या रडारच्या कामातून दोन ट्रायोड एकावर एक जोडायची युक्ती काढली. तिचं नाव कॅस्कोड. १९४८ मध्ये ती छापून आली आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकी, मग युरोपीय टीव्हींच्या ट्यूनरमध्ये एकाच काचेत दोन ट्रायोड असलेले व्हॉल्व बसले. पीसीसी ८८, पीसीसी १८९ ही नावं जुन्या मेकॅनिकांना आठवतील. खडखड आवाज करत फिरणाऱ्या चॅनेलच्या बटणामागे जो पत्र्याचा डबा असायचा, त्यात पुढचा व्हॉल्व तोच. तो थकला की चित्र जात नसे, नुसत्या मुंग्या वाढत. गिऱ्हाईक म्हणायचं अँटेना हलली असेल, आणि मेकॅनिक छपरावर चढायचा.

वरच्या बूस्टरला वीज कशी मिळायची, असं तुमच्याच पत्रात खाली विचारलंय. घरातल्या छोट्या डब्यातून डीसी व्होल्टेज त्याच कोअॅक्स केबलमधून वर जायचं आणि संकेत त्याच केबलमधून खाली यायचा. एका केबलवर दोन्ही कामं.

शेजाऱ्यांच्या पद्धतीत दोन काळज्या होत्या. एक म्हणजे पावसाळा. पाइपावरच्या डबीचं झाकण सैल असेल तर पाणी शिरायचं, स्क्रूखालची तांब्याची तार आधी काळी आणि मग हिरवी व्हायची. त्या हिरव्या थरापायी बूस्टरच्या आधीच संकेत गळायचा, आणि बूस्टरच्या आधी गेलेलं पुढे कुठेही भरून निघत नाही. तार खरवडून, पुन्हा घट्ट आवळून, डबीचं तोंड एम-सीलने बंद करायला मी प्रत्येक बॅचला शिकवलं. दुसरी काळजी, केंद्राच्या अगदी जवळ बूस्टर लावू नये. तिथे संकेत आधीच जोरदार असतो. बूस्टर त्याखाली दबतो आणि चित्र उलट बिघडतं.

आणि बूस्टरच्याही आधी अँटेना. अँटेनाच्या पुढच्या, डायरेक्टरच्या काड्या वाढवून किंवा पाइप उंच करून जो संकेत वाढतो, त्याच्याबरोबर ट्रान्झिस्टरचं नॉइज येत नाही. वाईच्या खोऱ्यातून सिंहगड पकडणाऱ्याला माझा सल्ला नेहमी हाच असे, आधी दहा फूट पाइप वाढवा.

प्रश्न (पुण्याहून, नाव न छापण्याच्या विनंतीसह) : आमचं घर रस्त्यालगत होतं. स्कूटर गेली की पडद्यावर ठिपक्यांच्या आडव्या रेघा उठायच्या आणि कधी कधी अख्खं चित्र तिरपं व्हायचं. लंडनला राहिलेले मामा सांगायचे, तिकडे गाडी गेली की पांढरे फटक ठिपके यायचे. आमच्याकडे काळे यायचे. हे खरं का?

उत्तर : मामांची नजर पक्की होती. दोन्ही खरं आहे.

स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी हा एक छोटा रेडिओ ट्रान्समीटरच असतो. ठिणगी क्षणभराची, पण तिच्यात जोर इतका की त्या क्षणी ती केंद्राच्या संकेतावर मात करते. उष्णतेच्या मुंग्या सगळीकडे सारख्या पसरतात, ठिणगीचा ठिपका सुटा आणि टपोरा. टू-स्ट्रोक स्कूटरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर सेकंदाला ५० ठिणग्या. आपला पडदाही सेकंदाला ५० वेळा वरून खाली रंगवला जायचा. म्हणून ठिपका जवळपास त्याच जागी पुन्हा पडायचा आणि स्कूटरचा वेग बदलला की रेघ वर किंवा खाली सरकायची. तुम्ही लहानपणी ही रेघ पाहिली असेल तर आता कारण कळलं.

आता रंगाचं. बीबीसीने २ नोव्हेंबर १९३६ ला अलेक्झांड्रा पॅलेसहून नियमित प्रक्षेपण सुरू केलं. लवकरच कायम झालेल्या त्यांच्या ४०५ ओळींच्या पद्धतीत जितका उजेड जास्त तितका संकेत जोरदार. साहजिकच ठिणगी आली की पांढरा ठिपका, आणि तोही इतका तेजस्वी की पडद्यावर पसरायचा. मग तिकडच्या टीव्हींत हे पांढरे ठिपके छाटणारं सर्किट घालू लागले. गाड्यांना ठिणगीचं नॉइज दाबणारा सप्रेसर सक्तीचा करणारा नियमही ब्रिटनमध्ये १९५२ मध्ये झाला. अमेरिकेने १९४१ च्या प्रमाणपद्धतीत उलट घेतलं : काळा रंग म्हणजे जोरदार संकेत, पांढरा म्हणजे क्षीण. आपण युरोपातली ६२५ ओळींची पद्धत घेतली, तीही अशीच उलटी. तिथे ठिणगीचा ठिपका काळा पडतो आणि डोळ्याला कमी टोचतो. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. नॉइज तेवढंच राहिलं, फक्त डोळा ज्याला सहन करतो त्या बाजूला वळवलं.

पण त्याची किंमत तुमच्या तिरप्या चित्राने चुकवली. या पद्धतीत सगळ्यात जोरदार भाग असतो तो सिंक पल्स, म्हणजे प्रत्येक ओळ कुठे सुरू करायची ते सांगणारी खूण. ठिणगीही जोरदार. टीव्हीला वाटायचं खूण आली, आणि ओळ अवेळी सुरू व्हायची. यावर अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या वेंड्ट आणि फ्रेडेनडाल यांचा १९४३ चा उपाय सर्वत्र रुजला, त्याला फ्लायव्हील सिंक म्हणतात. प्रत्येक खुणेचं लगेच ऐकायचंच नाही. टीव्हीतला ऑसिलेटर आपल्या लयीत चालत ठेवायचा आणि अनेक ओळींच्या खुणांची सरासरी काढून त्याला हळूहळू जुळवून घ्यायचं. शिवणयंत्राचं जड चाक एका टाक्यात सुई अडखळली तरी फिरत राहतं, तसंच. मधेच एखादी खोटी खूण आली तरी लय मोडत नाही. तुमच्या टीव्हीत हे सर्किट असणारच. तरीही चित्र तिरपं व्हायचं याचा अर्थ संकेत क्षीण होता आणि ठिणग्या फार जवळ होत्या.

उपाय तेव्हाही सोपा होता. चपटी ३०० ओहमची वायर रस्त्याच्या बाजूने खाली आणली तर ती स्वतःच ठिणग्या पकडते. ती काढून ७५ ओहमची कोअॅक्स घालायची, अँटेनापाशी बलून (अँटेना आणि कोअॅक्स जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) जोडायचा, आणि अँटेना रस्त्यापासून दूरच्या कोपऱ्यात न्यायची.

प्रश्न (चिपळूणहून) : आमच्याकडे मुंग्या नव्हत्या, पण प्रत्येक माणसाच्या उजवीकडे त्याचं फिकट भूत उभं असायचं. बूस्टरने काहीच फरक पडला नाही.

उत्तर : पडणारही नव्हता. भूत म्हणजे नॉइज नाही, तोच संकेत डोंगरावर आपटून उशिरा आलेला. पडद्यावरचं भुताचं अंतर मोजलं की डोंगराचं गणित निघतं. २० इंची टीव्हीचं चित्र सुमारे ४० सेंटिमीटर रुंद, आणि ती रुंदी रंगवायला ५२ मायक्रोसेकंद. भूत १ सेंटिमीटर उजवीकडे असेल तर संकेत १.३ मायक्रोसेकंद उशिरा आला, म्हणजे जवळपास ३९० मीटर जास्त फिरून आला. उपाय एकच, ज्या अँटेनाला बाजूचं कमी ऐकू येतं अशी जास्त काड्यांची अँटेना, आणि ती मिलिमीटर-मिलिमीटरने फिरवायचा धीर.

प्रश्न (इयत्ता नववी, बारामती) : मॅडम, मी विज्ञान प्रदर्शनासाठी पहिल्या टीव्ही कॅमेऱ्यांवर तक्ता करतेय. सुरुवातीच्या स्टुडिओत इतके प्रखर दिवे का लागायचे? कॅमेऱ्यातही मुंग्या होत्या का?

उत्तर : होत्या बाळ, आणि त्यांच्याशीच सगळी झुंज होती. फिलो फार्न्सवर्थ यांनी ७ सप्टेंबर १९२७ ला सॅन फ्रान्सिस्कोत आपल्या इमेज डिसेक्टर नळीतून एक साधी रेघ दुसऱ्या खोलीत पाठवली. त्या नळीत चित्राच्या प्रत्येक ठिकाणाहून इलेक्ट्रॉन निघायचे, पण एका क्षणी एकाच ठिकाणचे बारीक छिद्रातून आत जायचे. बाकीचे वाया. चित्रात चार-पाच लाख ठिपके असतील तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला वेळेचा चार-पाच लाखावा भाग. संकेत इतका बारीक की पुढच्या व्हॉल्वच्या नॉइजमध्ये तो बुडून जाणार. म्हणून दिव्यांचा भडिमार.

व्लादिमिर झ्वोरिकिन यांच्या आयकोनोस्कोपने यात मोठा फरक केला. त्यात प्रत्येक ठिपका आपली पाळी येईपर्यंत प्रकाश साठवत राहतो, विद्युतभाराच्या रूपात. तरीही इलेक्ट्रॉनांच्या उसळण्यामुळे चित्रावर काळपट डाग पसरायचे आणि स्टुडिओतला माणूस ते सतत सुधारत बसायचा. मग १९४० च्या दशकात आरसीएच्या आल्बर्ट रोझ, पॉल वाइमर आणि हॅरॉल्ड लॉ यांनी इमेज ऑर्थिकॉन केला. त्याची खुबी तुझ्या तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिही : नळीच्या आतच इलेक्ट्रॉन पाच पायऱ्यांवर आपटवून शेकडो पटींनी वाढवले जायचे, आणि मगच पहिल्या व्हॉल्वकडे जायचे. वर वाईच्या काकांना पाइपावरच्या बूस्टरचं जे गणित सांगितलंय तेच हे, कॅमेऱ्याच्या आत. ते गणित तक्त्यावर उतरवलंस तर परीक्षकांचा पुढचा प्रश्न तुला येईलच.

प्रदर्शनात दाखवायला प्रयोग हवा असेल तर काळोखी खोली कर, मोबाइलने भिंतीचा व्हिडिओ काढ, मग पडदा उघडून त्याच भिंतीचा परत काढ. दोन्ही शेजारी लाव. पहिल्यातले दाणे सगळ्यांना दिसतील.

प्रश्न (सोलापूरहून) : माझं बालपण विजापूर जिल्ह्यातल्या खेड्यात गेलं. १९७५ मध्ये तिथे शाळेच्या आवारात कोंबड्यांच्या जाळीची मोठी थाळी उभी राहिली आणि उपग्रहावरून टीव्ही दिसू लागला. पुढे सोलापूरला आल्यावर जे दिसलं त्यापेक्षा ते चित्र स्वच्छ होतं, असं मला आजही वाटतं. आठवण फसवतेय का? आणि जमिनीवरच्या टीव्हीत चित्र मुंग्यांनी भरलेलं असतानाही आवाज ठणठणीत यायचा, तो का?

उत्तर : आठवण फसवत नाही. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, एफएम. त्यामुळे आवाजापासून सुरुवात करते.

जमिनीवरच्या टीव्हीत चित्र एएमने (माहिती संकेताच्या उंचीत ठेवून) जायचं, आवाज एफएमने. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९३० च्या दशकात एफएम उभं केलं तेच मुळी खरखर घालवण्यासाठी. माहिती संकेताच्या उंचीत न ठेवता वारंवारितेत ठेवायची, मग उंचीवर बसलेलं नॉइज छाटून टाकता येतं. त्यासाठी जागा जास्त लागते, पण आवाजाला मुळात जागा थोडीच लागते, म्हणून ती चैन परवडते. आपल्या पद्धतीत आवाजासाठी वारंवारिता दोन्हीकडे ५० किलोहर्ट्झपर्यंत हलायची. आवाजाचा सगळा पट्टा ५ मेगाहर्ट्झच्या तुलनेत इतका अरुंद की त्यात शिरणारं नॉइजही थोडं. ट्रान्समीटरवर आवाजाला चित्राच्या मानाने थोडीच शक्ती दिलेली असायची, तरी तो पुरून उरायचा. बातम्या दिसल्या नाहीत तरी ऐकू यायच्या, त्याचं कारण हे.

आता उपग्रह. तुम्ही पाहिलात तो साइट, म्हणजे उपग्रहावरून शैक्षणिक टीव्ही दाखवायचा प्रयोग, १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. नासाचा एटीएस-६ उपग्रह, इस्रोचं नियोजन, सहा राज्यांतली सुमारे २४०० गावं. त्यात महाराष्ट्र नव्हता, कर्नाटक होता. जमिनीपासून छत्तीस हजार किलोमीटरवरून सुमारे ८० वॉटचा ट्रान्समीटर, एवढ्यावर चित्र पोचवायचं होतं. एएम वापरलं असतं तर पडद्यावर नुसतं वादळ दिसलं असतं. म्हणून चित्रही एफएमने पाठवलं, ८६० मेगाहर्ट्झवर, ऐसपैस पट्टा देऊन. त्या वारंवारितेला आकाशही शांत असतं. उपग्रहावर ९ मीटरची छत्री उघडलेली होती, खाली तुमच्या शाळेत ३ मीटरची जाळीची थाळी. आणि थाळीपाशीच संकेत वाढवणारा डबा होता, टीव्हीपाशी नव्हता. या प्रयोगाच्या मांडणीत काटकसर आणि शास्त्र इतकं एकत्र आलंय की आजही मी त्याबद्दल बोलायला लागले की थांबत नाही.

एफएमला एक मर्यादा मात्र असते. संकेत नॉइजच्या साधारण दहा पटींवर असेल तोवर चित्र सुरेख. त्याखाली गेला की हळूहळू मुंग्या न वाढता एकदम पांढऱ्या-काळ्या ठिणग्या उडू लागतात. वाऱ्याने थाळीचं तोंड हललं की तुमच्याकडे हेच होत असणार.

तुम्ही असंही लिहिलंय की सीमेपलीकडच्या आंध्रातल्या नातेवाइकांकडे चित्र तेच, पण आवाज तेलुगू असायचा. बरोबर. एका चित्राबरोबर दोन आवाज पाठवायची सोय होती. तुमच्या गावातल्या टीव्हीचं सेटिंग कानडीवर होतं, त्यांचं तेलुगूवर.